शिंगराची चंदी आणि त्याचीं हाडें

“घोडें मेलें ओझ्यानें आणि शिंगरूं मेलें हेलपाट्यानें” ही म्हण ज्यांनीं जन्मांत कधीं घोडा पाळला नाहीं अशांच्याहि तोंडीं असते. ओझें आईच्या पाठीवर. शिंगराच्या पाठीवर कांहींच नाहीं. तरी आईमागें येरझारा घालून घालूनच तें बिचारें थकून जातें. म्हण खरी आहे. परंतु ज्यांच्या दारांत घोडी बांधलेली असते त्यांच्या अनुभवास शिंगराच्या नाशाचें आणखी एक कारण येतें, आणि तें या म्हणींत आलेलें नाहीं. कित्येक शिंगरें ओझ्यानेंहि बिघडत नाहींत आणि हेलपाट्यानेंहि बिघडत नाहींत. तीं मालकाच्या मायेनें बिघडतात. मालक उपाशी ठेवतो म्हणून नव्हे, तर उत्तम चारतों अशा समजुतीनें भलतें चारतो म्हणून.

बीड शहराहून सोलापूरच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर पाली हें गांव लागतें. बालाघाटच्या डोंगरांतून उतरणारी बिंदुसरा नदी या गांवाजवळच धरणानें अडविली आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोठें काळी तर कोठें मुरमाड, आणि पिकें मुख्यत्वेंकरून ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा व कापूस. या मुलखाला घोडा परका नाहीं. याच बीड जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन येथें १७६३ सालीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला; १७९५ सालची प्रसिद्ध लढाई जेथें झाली तें खर्डेंहि या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. दोन्ही वेळीं मराठी फौजेचें बळ घोड्याच्या पाठीवर होतें, आणि त्या फौजेंत दख्खनी भीमथडी तट्टांचा मोठा भरणा असे. अंगानें लहान, खुरानें टणक आणि थोड्या दाण्यावर लांबची मजल मारणारीं अशीं हीं जनावरें. करनाळच्या राष्ट्रीय संस्थेनें २०२३-२४ सालीं भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हां शहरांतल्या लोकांना या नांवाची पुन्हां आठवण झाली. धनगरांना ती करून द्यावी लागली नाहीं. मेंढरांबरोबर भटकतांना त्यांचा सारा संसार अजूनहि याच तट्टांच्या पाठीवर असतो.

फौजा गेल्या, टांगेहि गेले. तथापि घोड्याची हौस गेलेली नाहीं. वरातीचा घोडा बाळगून पोट भरणारीं कुटुंबें आहेत, आणि केवळ दाराची शोभा म्हणून घोडी ठेवणारे शेतकरीहि आहेत. मार्गशीर्षांत नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवास खंडोबाची यात्रा भरते, त्याच महिन्यांत दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांतून घोडी आणि तिच्या पायांशीं घोटाळणारें शिंगरूं घेऊन एकादा शेतकरी पालीच्या बाजूस आपल्या वस्तीवर परततो, अशी कल्पना करावी. पुढची हकीकत नेहमींच्या अनुभवांतली आहे.

शिंगरूं घरांतल्या पोरांचें लाडकें होतें. सहा महिन्यांचें झाल्यावर आईपासून तोडतात, आणि घरधनी त्याच्यासाठीं वेगळी चंदी लावतो. गांवच्या पिठाच्या गिरणींतून गव्हाचा कोंडा येतो, घरचा हरभरा भरडला जातो, वर गुळाचा खडा असतो. सकाळसंध्याकाळ तोबरा भरून मिळतो. शिंगरूं आठवड्या-आठवड्याला वाढतांना दिसतें, अंगावर तुकतुकी चढते, येणारे-जाणारे वाखाणतात. पुढें एके दिवशीं तें पुढच्या उजव्या पायानें लंगडतें. चार दिवसांनीं उजवा बरा होऊन डावा दुखूं लागतो. खुरांत कांटा नाहीं, जखम नाहीं. वैरण चावतांना तें मध्येंच थांबतें. कांहीं महिन्यांनीं डोळ्यांखालचीं, नाकाच्या दोन्ही बाजूंचीं हाडें फुगल्यासारखीं दिसूं लागतात. पशुवैद्य येतात, पाय चाचपतात, चेहऱ्यावर बोटें वाजवून पाहतात आणि विचारतात, “आबा, खायला काय घालतां?”

“काय कमी केलं डॉक्टरसाहेब? हरभरा हाय, कोंडा हाय, गूळ हाय. लेकरांच्या तोंडचं काढून ह्याला घातलं.”

“तेंच तर झालं, आबा. घातलंत पुष्कळ, पण हाडाला लागतं तें त्यांत नव्हतं.”

या उत्तराचा अर्थ समजण्यासाठीं शिंगराचीं हाडें वाढतात कशीं हें आधीं पाहिलें पाहिजे. घोडी सुमारें अकरा महिने गाभण असते. जन्मतांच शिंगराचें वजन पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या फार तर दहावा हिस्सा असतें, पण पाय मात्र आश्चर्य वाटावें इतके लांब असतात. निसर्गाचा हेतु उघड आहे: कळपाबरोबर पळतां आलें पाहिजे. सहा महिन्यांत त्याची उंची पुढें होणाऱ्या उंचीच्या शेंकडा ऐंशींहून अधिक होते, आणि वर्षाअखेर शेंकडा नव्वदपर्यंत पोंचते; वजन मात्र तोंवर दोन-तृतीयांशाच्या आसपासच असतें. तात्पर्य, घोड्याच्या हाडांचा सांगाडा बहुतेक पहिल्या वर्षांतच उभा राहतो. माणसाच्या मुलाला जें काम करण्यास पंधरा वर्षें मिळतात तें शिंगराला बारा महिन्यांत उरकावें लागतें. या बारा महिन्यांत झालेली चूक पुढें दहा वर्षें चांगलें चारूनहि भरून निघत नाहीं.

लांब हाडाच्या टोंकाशीं कूर्चेची, म्हणजे मऊ चिवट हाडाची, एक पातळ थाळी असते. या थाळींत नवी कूर्चा सारखी तयार होते, आणि मागची जुनी कूर्चा कॅल्शियम व फॉस्फरस शोषून पक्क्या हाडांत रूपांतर पावते. घर बांधतांना वरचा थर चढण्यापूर्वीं खालचा वाळून घट्ट व्हावा लागतो, तसेंच हें आहे. थर चढण्याचा वेग आणि घट्ट होण्याचा वेग यांची सांगड असेल तर हाड सरळ व भक्कम होतें. थर भराभर चढले आणि खालचे कच्चेच राहिले, तर हाड वांकतें, टोंकाशीं सुजतें, किंवा सांध्याच्या आंतला गुळगुळीत थर फुटून त्याची कपची सुटते. या थाळ्या सर्वच एकदम बंद होत नाहींत. पुढच्या पायाच्या गुडघ्याखालील नळीच्या हाडाची खालची थाळी पहिल्या वर्षाच्या आंतच बंद होते. गुडघ्याच्या लगत वर असलेली अडीच वर्षांच्या सुमारास बंद होते. आणि पाठीच्या कण्याच्या थाळ्या पांच वर्षें उलटल्यावाचून पुरत्या बंद होत नाहींत. ज्या पाठीवर माणूस बसतो ती पाठ सर्वांत शेवटीं पिकते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां चंदीकडे वळूं. हाडाला कॅल्शियम व फॉस्फरस दोन्ही लागतात, पण ते एका विशिष्ट मेळानें लागतात. शिंगराच्या एकंदर आहारांत कॅल्शियम फॉस्फरसाच्या दीडपट ते दुप्पट असावें. आणि कोणत्याहि परिस्थितींत तें फॉस्फरसाहून कमी असूं नये. हें प्रमाण पुस्तकी नाहीं. घोडीच्या दुधांतहि कॅल्शियम फॉस्फरसाच्या दीडपटीहून थोडें अधिकच असतें. म्हणजे आईनें जो हिशेब पाळला तोच मालकानें पुढें चालवावयाचा, एवढेंच.

मालकाचा हिशेब मात्र उलटा असतो. एक किलो गव्हाच्या कोंड्यांत कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम आणि फॉस्फरस सुमारें अकरा ग्रॅम असतो. एक किलो हरभऱ्यांत कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आंत आणि फॉस्फरस चार ग्रॅमच्या आसपास. दोन्हींची बेरीज केली तर कॅल्शियम तीन ग्रॅम आणि फॉस्फरस पंधरा ग्रॅम. म्हणजे जें दुप्पट असावयास हवें तें पांचवा हिस्सा! शिवाय कोंड्यांतील बराचसा फॉस्फरस ज्या रूपांत असतो तें रूप आंतड्यांत कॅल्शियमलाच धरून ठेवतें, त्यामुळें होतें तेंहि पुरतें अंगीं लागत नाहीं. भीमथडीसारख्या लहान जातीच्या सहा महिन्यांच्या शिंगरास रोज वीस ग्रॅमांच्या वर कॅल्शियम लागतें. तीन ग्रॅमांवर तें कसें भागावें? ज्वारीचा कडबा या तुटींत थोडी भर घालतो खरा, परंतु कडब्यानें पोट भरतें, हाड भरत नाहीं.

मग शिंगराचें शरीर काय करतें? रक्तांत ठराविक प्रमाणांत कॅल्शियम नसेल तर हृदय चालत नाहीं आणि स्नायु आखडतात. म्हणून रक्तांतील तूट एक दिवसहि खपत नाहीं. गळ्याजवळ अगदीं लहान अशा चार ग्रंथि असतात, त्यांच्याकडे या हिशेबाचें काम असतें. या ग्रंथींच्या शोधाची हकीकत मोठी मौजेची आहे. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत एक हिंदी एकशिंगी गेंडा मेला. त्याचें शवविच्छेदन करतांना रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाला हा लहानसा गोळा प्रथम दिसला. गेंडा आणि घोडा हे प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें एकाच गोत्रांतले, हा एक योगायोगच. पुढें १८८० मध्यें स्वीडनच्या इव्हार सॅन्डस्ट्रॉम यानें माणसांतील या ग्रंथींचें वर्णन केलें. रक्तांत कॅल्शियम घटलें कीं या ग्रंथि आपला रस सोडतात, आणि तो रस हाडांतून कॅल्शियम उपसून रक्तांत आणतो. हाडें ही जणूं घरची पेढी. अडीअडचणीला पेढींतून काढणें योग्यच; पण रोजचा खर्चच जर ठेवींतून चालूं लागला तर पेढी बुडाल्यावांचून कशी राहील?

शिंगराच्या बाबतींत पेढी बुडते ती अशी. हाडांतील खनिज जातें आणि त्या जागीं मऊ तंतूंचा गोळा भरतो. चेहऱ्याचीं हाडें त्यामुळें फुगतात, दांत सैल होतात, सांध्यांशीं जेथें स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटलेल्या असतात तेथें वेदना होते आणि लंगडणें आज या पायावरून उद्यां त्या पायावर जातें. युरोपांत या रोगाला ‘गिरणीवाल्यांच्या घोड्यांचा रोग’ असें नांव पडलें होतें; कारण गिरणींत कोंडा फुकट मिळे आणि गिरणीवाल्यांचे घोडे त्यावरच पोसले जात. पालीच्या वस्तीवरचें शिंगरूं आणि शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा विलायती गिरणीवाल्याचा घोडा यांचें दुखणें एकच, आणि त्याचें कारणहि एकच.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. पूर्वींच्या पागांतहि हरभराच चालत असे; विलायतेंत ओट, अरबस्तानांत जव, तसा हिंदुस्थानांत हरभरा ही घोड्याची ठरलेली चंदी. दक्षिणेंत कुळीथ घालीत, इतका कीं इंग्रजींत कुळिथाचें नांवच ‘घोड्याचा हरभरा’ असें झालें. मग ते घोडे कसे टिकले? उत्तर असें कीं त्या घोड्यांना हरभऱ्याबरोबर रानांतलें ताजें गवत भरपूर मिळे. हरळी खणून, धुऊन आणणारे गवतकापे पागेंत नेमलेले असत. शिवाय पागेंतला घोडा पूर्ण वाढलेला असे, आणि त्याला मजला माराव्या लागत. सांगाडा उभा करणाऱ्या शिंगराची गरज वेगळी. जुन्या पद्धतीतला तोबरा आपण ठेवला आणि गवतकाप्याला रजा दिली, ही खरी चूक आहे.

गवताच्या जागीं आज काय आलें आहे हेंहि पाहण्यासारखें आहे. धरणाच्या व विहिरींच्या पाण्यावर दुभत्या जनावरांसाठीं नेपियर किंवा हत्तीघास नांवाचें उंच गवत पुष्कळ शेतकरी लावतात. गाईम्हशींना तें चांगलें. परंतु या गवतांत ऑक्झॅलेट नांवाचें द्रव्य बरेंच असतें, आणि तें कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतें. गाईच्या पोटांतील सूक्ष्म जंतु या द्रव्याचा पुष्कळसा फडशा पाडतात. घोड्याच्या पोटाची रचना निराळी असल्यामुळें तें कॅल्शियम आंतड्यांतून शोषलें न जातां लिदीवाटें निघून जातें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत १९७० नंतरच्या दशकांत हिरव्यागार कुरणांत चरणाऱ्या घोड्यांचेच चेहरे सुजूं लागले, तेव्हां या गोष्टीचा उलगडा झाला. गवत भरपूर होतें, त्यांत कॅल्शियमहि होतें. पण तें कुलुपांत होतें आणि घोड्याकडे किल्ली नव्हती. उसाच्या वाढ्यांतहि हेंच द्रव्य आहे. बीड जिल्ह्यांत दुष्काळाच्या सालीं वाढ्यांवर गुरें जगवावीं लागतात. गुरांनासुद्धां नुसतीं वाढीं फार दिवस घातलीं तर बाधतात, म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. शिंगराला तर नेपियर व वाढीं ही मुख्य वैरण म्हणून घालूंच नये.

मग घालावें काय? उपाय महाग नाहीं. लसूणघास, ज्याला पुष्कळ गांवीं नुसतें ‘घास’ म्हणतात, तो कॅल्शियमचा मोठा सांठा आहे. वाळलेल्या एक किलो घासांत कॅल्शियम तेरा-चौदा ग्रॅम आणि फॉस्फरस अडीच ग्रॅमच्या आसपास असतो. मघांच्याच हिशेबांत, म्हणजे एक किलो हरभरा व एक किलो कोंडा यांत, दोन किलो वाळलेला घास मिळविला तर कॅल्शियम तीस ग्रॅम आणि फॉस्फरस वीस ग्रॅम होतो. पांचवा हिस्सा होता तो दीडपट झाला! कोंडा काढून मूठभरावर आणला तर हिशेब आणखी सुधारतो. ज्यांच्याकडे घासाला पाणी नाहीं त्यांनीं भुईमुगाचा वाळलेला पाला जपून ठेवावा. त्यांतहि कॅल्शियम चांगलें असतें. मात्र त्यावर बुरशी नसावी, कारण बुरशीचा चारा घोड्याच्या पोटाला सोसत नाहीं. आणि घोड्याला ओकारी होत नसल्यामुळें एकदां पोटांत गेलेलें वीष बाहेर पडण्याची वाटच नसते. दोन्ही न मिळाल्यास पशुखाद्याच्या दुकानांत मिळणारी चुनखडीची शुद्ध भुकटी चंदींत कालवावी. दहा ग्रॅम भुकटींत सुमारें चार ग्रॅम कॅल्शियम असतें. किती घालावी हें पशुवैद्याकडून ठरवून घ्यावें. पानाला लावण्याचा चुना किंवा कळीचा चुना मात्र चुकूनहि घालूं नये. तोंड व आंतडीं त्यानें भाजतात.

हाडाचें पोषण केवळ चुन्यानें होत नाहीं. कूर्चेचा चिवटपणा टिकण्यास तांबें व जस्त हीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत पण नियमानें लागतात. घोडीच्या दुधांत तांबें फार थोडें असतें. शिंगरूं तें जन्मापूर्वींच आईच्या रक्तांतून घेऊन आपल्या यकृतांत सांठवून येतें, आणि पहिले कांहीं महिने त्या शिदोरीवर काढतें. म्हणून शिंगराच्या आहाराचा विचार तें जन्मल्यावर नव्हे, तर घोडी गाभण असतांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, सुरू झाला पाहिजे. त्या काळांत घोडीला चांगला चारा, मीठ आणि घोड्यांसाठीं तयार केलेलें खनिजमिश्रण द्यावें. आईची शिदोरी रिकामी तर लेकराचीहि रिकामी, हें जसें माणसांत तसेंच घोड्यांत.

जन्मानंतरचे पहिले दोन महिने दुधावर निर्धास्त सोडावे. चांगली पोसलेली घोडी या काळांत आपल्या वजनाच्या शेंकडा तीन इतकें दूध रोज देते. तिसऱ्या महिन्यापासून दूध व त्यांतील द्रव्यें कमी होत जातात, आणि शिंगरूं आईच्या दाणीत तोंड घालूं लागतें. तेव्हां आईला शिरतां येणार नाहीं अशा आडोशाला त्याच्यापुरती थोडी चंदी ठेवावी. याचा एक फायदा असा कीं पुढें आईपासून तोडण्याच्या वेळीं त्याच्या पोटाला दाणावैरणीची ओळख झालेली असते. ही तोडणी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान करावी, आणि त्या आठवड्यांत चंदींत कसलाहि बदल करूं नये. तोडल्यावर सव्वाशें किलो वजनाच्या शिंगरास सर्व मिळून रोज सुमारें तीन किलो सुकें खाणें पुरतें. त्यांत दाणा एक किलोच्या आसपास असावा आणि तो दोन-तीन वेळां विभागून द्यावा. बाकीचें सर्व वैरण. जवळ मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी असावें.

दाण्याचें प्रमाण कां आंखून द्यावयाचें? कारण दुसरा अपराध येथेंच घडतो. कॅल्शियमचा मेळ बरोबर असला तरी दाणा भरमसाट झाला तर शिंगरूं फार वेगानें वाढतें. अंगावर मांस आधीं चढतें, पण त्याखालचे थर कच्चे असतात. तीन-चार महिन्यांच्या शिंगराच्या पुढच्या पायांचे खुरांवरचे सांधे, किंवा वर्ष-दीड वर्षाच्या शिंगराच्या गुडघ्याच्या लगत वरचा भाग डमरूसारखा फुगलेला दिसला, तर थाळी दुखावली असें समजावें. सांध्यांत पाणी भरलें आणि पाय वांकवितांना तें कुरकुरलें, तर आंतील गुळगुळीत थरालाच इजा झाली असण्याचा संभव आहे. वंशाचाहि यांत भाग असतो. मोठ्या चणीच्या घोड्यांचीं शिंगरें या दुखण्याला अधिक बळी पडतात. परंतु वंश मालकाच्या हातीं नाहीं, तोबरा आहे. अशा वेळीं दाणा ताबडतोब कमी करावा. वैरण मात्र तोडूं नये. शिंगराच्या फांसळ्या डोळ्यांना दिसूं नयेत, पण हात फिरवितांच बोटांना लागाव्यात, हें माप सांपडलें कीं तराजूची गरज राहत नाहीं. गुबगुबीत शिंगरूं बाजारांत शोभतें. सडपातळ शिंगरूं पुढें वीस वर्षें चालतें.

खाण्याबरोबर चालणें आलें. हाड हें दगडासारखें निर्जीव नाहीं; त्यावर जितका योग्य भार पडेल तितकें तें दाट होतें. पहिल्या महिन्यापासून शिंगरूं आईबरोबर मोकळ्या रानांत हिंडावें, उड्या माराव्या, थकलें कीं पडून राहावें. रात्रंदिवस दोरानें आखडून ठेवलेल्या शिंगराला उत्तम चंदी घातली तरी त्याचें हाड पोंचटच राहतें. दीड-दोन महिन्यांचें झाल्यापासून दर महिन्या-सवा महिन्यानें जाणत्या नालबंदाकडून खूर तासून सारखे करून घ्यावेत. खूर तिरपा झाला कीं वरचा सांधाहि तिरपा वाढतो. जंतावरचें औषध वेळेवर द्यावें, नाहीं तर चंदी शिंगराऐवजीं जंतच खातात. आणि तीन वर्षांच्या आंत पाठीवर बसूं नये. वर्ष-दीड वर्षाच्या शिंगराला मागच्या पायांवर उभें करून नाचविण्याचा शौक कित्येकांना असतो. बघणारे टाळ्या वाजवितात, पण त्या टाळ्यांचा भार कच्च्या थाळ्यांवर पडतो.

शहरांत राहणाऱ्यांचा या सर्वांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. वरातीसाठीं घोडा ठरविणारा शहरांतलाच असतो. माथेरानास मुलांना घोड्यावर बसविणाराहि शहरांतलाच. पैसे देणारानें डोळे उघडे ठेवले तर पोसणारालाहि शहाणपण सुचतें. घोड्याचें वय दांतांवरून कळतें. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दोन दुधाचे दांत पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या लगतचे, आणि साडेचारला कडेचे. मधले दोनच दांत मोठे व पिंवळट असतील, बाकीचे लहान व पांढरेशुभ्र असतील, तर तो घोडा नाहीं, तें शिंगरूं आहे. त्याच्या पाठीवर नवरदेव चढवूं नये. सांगितल्यावर ऐकणारे मालक पुष्कळ असतात, सांगणारेच थोडे.

पालीच्या वस्तीवरच्या त्या शिंगराचें पुढें काय होईल? दुखणें वेळेवर ओळखलें गेलें असेल तर आशेला जागा आहे. कोंडा बंद झाला, घास सुरू झाला, चुनखडीची भुकटी पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें मिळूं लागली, म्हणजे लंगडणें कांहीं आठवड्यांत कमी होऊं लागतें. हाडें पुन्हां भरण्यास मात्र कित्येक महिने जातात, आणि चेहऱ्याची सूज पुरती ओसरेलच असें नाहीं. तें शिंगरूं पुढें घोडा होईल, चालेल, कदाचित् ओझेंहि वाहील. पण त्याच्या तोंडाकडे पाहतांना घरच्या माणसांना दरवेळीं आठवेल कीं आपण ह्याच्यासाठीं कांहींच कमी केलें नव्हतें. माया कमी नव्हती. तिला थोड्या हिशेबाची जोड हवी होती. तोबरा भरण्यापूर्वीं त्यांत कॅल्शियम किती आणि फॉस्फरस किती, एवढें एकदां मोजून पाहणें हें कोणाहि शेतकऱ्याच्या शाळेंत जाणाऱ्या मुलाला जमण्यासारखें गणित आहे. ज्या घरांत तें मांडलें जाईल त्या घरचें शिंगरूं हेलपाट्यानें थकलें तरी चालेल. रात्रभर विसावा घेऊन तें सकाळीं पुन्हां आईमागें धांवेल.